कुलूपबंद घराची परसबाग

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर वडवणीत कार्यकर्त्यांचे एक लहानसे अभ्यासशिबिर झाले. ऊसतोडणीचे दर, मुकादमाची उचल आणि पाण्याचे वाटप असे तीन विषय पत्रिकेवर होते. चौथा मी सुचविला होता : परसबाग. तो उच्चारताच मागच्या रांगेतल्या एका तरुण साथीने विचारले, "सर, आता वाफ्यात मेथी लावून समाजवाद आणायचा का?" सारे हसले, मीही हसलो. पुढे वेळ संपला आणि चौथा विषय राहूनच गेला. तो तरुण कार्यकर्ता मला प्रिय आहे आणि त्याचा प्रश्न टाळण्याजोगा नाही, म्हणून जे शिबिरात बोलावयाचे होते ते येथे लिहितो.

प्रथम माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. निवृत्तीनंतर मी येथे घर बांधले. प्राध्यापकाच्या वेतनाने आणि निवृत्तिवेतनाने माणसाला जी काही चैन परवडते, तिच्यात घरासमोरची बाग ही एक. शहरातून एका कंत्राटदाराला बोलावले. त्याने पाचशे चौरस फुटांवर गालिच्यासारखे मेक्सिकन गवत अंथरले, कडेने शोभेची क्रोटन आणि बाटलीसारख्या बुंध्याचे दोन पाम लावले आणि उरलेल्या सगळ्या जमिनीवर सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवून दिले. पहिली दिवाळी फार शोभिवंत झाली. येणाजाणाऱ्यांनी वाखाणणी केली. फेब्रुवारीत विंधनविहीर आटली आणि मी त्या गवतासाठी टँकर मागवू लागलो.

अर्थशास्त्र तीस वर्षे शिकविलेल्या माणसाने जे गणित आधी करावयाचे ते मी नंतर केले. पाचशे चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळ जिवंत ठेवायची तर रोज निदान पाच मिलिमीटर पाणी द्यावे लागते, म्हणजे चौरस मीटरला पाच लिटर. हिशेब झाला २३० लिटर. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण माणसाला दरडोई, दररोज ५५ लिटर हे प्रमाण मानले आहे. म्हणजे माझे गवत रोज चार माणसांचे पाणी पीत होते, आणि ती चार माणसे शोधावयास लांब जावे लागत नव्हते. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाई टँकर आला की जाताना एक हंडा भरून नेत. एके दिवशी हंडा उचलता उचलता त्या म्हणाल्या, "सर, ह्ये गवत शेळी बी खाईना. मग ह्याला पानी कशापायी?" मला उत्तर देता आले नाही. त्या पावसाळ्यात गवत उपटले आणि अर्धे पेव्हर ब्लॉकही काढून टाकले.

माझ्यासारखे गृहस्थ आज प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. घर बांधले की पुढे हिरवळ हवी, ही कल्पना आपल्या मातीतली नव्हे. इंग्लंडच्या जमीनदारांनी वाड्याभोवती मोकळी कुरणे राखली, त्यामागे 'या जमिनीतून पोटासाठी काही काढण्याची आम्हांस गरज नाही' ही मिरवणूक होती. ती आपल्याकडे सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांतून आणि सरकारी विश्रामगृहांतून आली, आणि आता पाटबंधाऱ्याच्या ठेकेदारापासून निवृत्त प्राध्यापकापर्यंत उतरली आहे. आपला मराठी शब्द पाहा. परस म्हणजे घराची मागची बाजू. पुढचे अंगण पाहुण्यांचे आणि परस स्वयंपाकघराचे. पुढची बाग वाटसरूंनी पाहण्यासाठी असते, मागची ताटात येण्यासाठी. त्यामुळेच मागच्या बागेकडे ना वास्तुशास्त्रज्ञाचे लक्ष जाते, ना अर्थशास्त्रज्ञाचे. वास्तविक राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबशास्त्रानुसार घरी खाण्यासाठी पिकविलेला भाजीपालाही उत्पादनात धरला जातो. तीच भाजी निवडून, चिरून, शिजविण्याचे बाईचे श्रम मात्र त्या हिशेबात येत नाहीत. हा अन्याय निराळा, त्यावर केव्हातरी स्वतंत्रपणे लिहीन.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. खडी फोडण्याच्या कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर परदेशी लाल मिलो. त्या वर्षी आमच्या घरात हिरवे म्हणून जे काही ताटात आले ते एका भोपळ्याच्या वेलाचे. आई भांडी राखेने घाशी आणि ते पाणी एका थेंबाचाही अपव्यय न करता त्याच्या आळ्यात ओती. फळे तीन की चारच लागली, पण कोवळ्या पानांची भाजी कितीदा तरी झाली. हे मी गहिवर आणण्यासाठी सांगत नाही. त्या आळ्यात एक तंत्र होते : एकाच पाण्याचे दोन उपयोग. आपण मोरी सिमेंटच्या गटारास जोडली, गटार ओढ्यास जोडले आणि ते तंत्र मोडीत काढले.

वडवणी बालाघाटाच्या कुशीत आहे. वरच्या अंगाला मुरमाड, उथळ जमीन, खाली उतरावे तसतशी काळी. पाऊस सरासरीने साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सरासरी ही आमच्याकडे क्वचितच पडते. तरी सहाशेच धरू. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर तेवढ्या पावसात सुमारे २८ हजार लिटर पाणी पडते. गळती आणि उडून जाणे वजा जाता २२ हजार हाती लागावे. एवढे साठवावयास टाकी कोणाजवळ आहे, हा आक्षेप बरोबर आहे. पण दोन हजार लिटर साठवून बाकीचे परसातल्या खड्ड्यात मुरविता येते, आणि झाडाची मुळे ते शोधून काढतात. सांडपाण्याचे पाहा. पाच माणसांच्या घरी दरडोई ५५ लिटर खरोखर येत असेल, तर त्यातले दोन तृतीयांश तरी मोरीतून बाहेर जाते, म्हणजे रोज सुमारे १८० लिटर. मोरीच्या तोंडाशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा एक खड्डा आणि पुढे केळी, पपई, शेवगा. साबणाचे पाणी पालेभाजीवर, विशेषतः कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर सोडू नये. झाडांच्या मुळांना दिले तर फारसे बिघडत नाही. धुण्याचा सोडा फार वापरणाऱ्याने मात्र ते पाणी आलटून पालटून वेगळ्या आळ्यात सोडावे, नाहीतर माती खारवते. हा धडा मला एका लिंबाने वाळून शिकविला.

माझ्या परसात आज काय आहे ते सांगतो, कारण लोक विचारतात. शेवग्याची दोन झाडे आहेत. ती दरवर्षी छाटावी लागतात, नाहीतर शेंगा आभाळात लागतात. कढीपत्ता, एक नवे लिंबू, एक सीताफळ. सीताफळ तर आमच्या डोंगराचे स्वतःचे झाड. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याला शेळी तोंड लावत नाही, ही त्याची याहून मोठी गुणवत्ता. पत्र्याच्या पडवीवर दोडका आणि भोपळा चढविला आहे. वेल पत्र्यावर पसरला की खाली बसणाऱ्यास फरक कळतो. खाली अळू, अंबाडी, चुका आणि मधूनमधून आपण होऊन उगवणारा तांदुळजा, ज्याला मी पूर्वी तण म्हणून उपटीत असे. वेलांच्या आळ्यांत कच्च्या भाजणीची मडकी गळ्यापर्यंत पुरली आहेत. ती भरून वर झाकण ठेवले की पाणी झिरपत राहते आणि तीन-चार दिवस पाहावे लागत नाही. मडके कुंभाराकडून घ्यावे आणि रंग दिलेले घेऊ नये, इतकीच सूचना. मातीवर उसाचे पाचट अंथरले आहे. ज्या पाचटाने आमच्या तालुक्यातल्या बायांचे हात कापले जातात, ते फडात पेटवून देण्याची अजून अनेक ठिकाणी चाल आहे. चार बोटे जाडीचे पाचट मातीवर असले तर उन्हाळ्यात पाणी निम्म्याने वाचते, असा माझा स्वतःचा अदमास आहे.

येथवर हे सारे कोणत्याही शेतीमासिकात शोभले असते. आता त्या तरुण साथीच्या प्रश्नाकडे येतो.

वडवणी तालुक्यातल्या कितीतरी वस्त्यांवर दसरा-दिवाळी झाली की कुलपे लागतात. टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, सोबत तान्ही मुले, बैल असतील तर बैल. ते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडाकडेच्या कोपीत राहतात आणि गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततात. घरी राहतात म्हातारी माणसे आणि वसतिगृहात जागा मिळाली तर शाळेची मुले. आता परसबागेचे पंचांग यासमोर ठेवून पाहा. मेथी, पालक, चाकवत, गाजर, टोमॅटो, वाल-घेवडा, भाजीचा सगळ्यात उत्तम आणि कमी पाण्यात येणारा काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा. नेमक्या त्याच चार महिन्यांत परसाला कुलूप. ज्या काळात आपल्या घरची पालेभाजी खावयाची, त्या काळात ही बाई पहाटे चारला उठून दुसऱ्याच्या फडात मोळ्या बांधते आणि बाजाराच्या दिवशी मिळेल ते बटाटे-वांगे विकत घेते. राज्याच्या पेऱ्याखालील क्षेत्रापैकी सुमारे चार टक्के क्षेत्रावर ऊस आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा हिस्सा त्याच्या वाट्याला, हे आपण नेहमी सांगतो. तो ऊस वडवणीच्या परसातली मेथीही घेऊन जातो, हे आपण आजवर सांगितले नाही.

शासनाला परसबाग आवडते. 'उमेद' अभियानातून बचतगटांच्या महिलांसाठी पोषण परसबागेच्या मोहिमा निघाल्या, शाळांतूनही परसबागा झाल्या. या उपक्रमांची टवाळी मी करणार नाही, त्यांतून काही चांगल्या बागा उभ्या राहिल्या आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत तो ५४.२ टक्क्यांवर गेला. मजुरी, रेशन, बाळंतपणाची रजा आणि दवाखाना यांचे हे अपयश आहे. अशा वेळी बियाण्याची पुडी हाती देऊन 'बाई, तुझे रक्त तूच वाढव' असे सांगणे म्हणजे राज्याने आपले देणे बाईच्या खाती टाकणे होय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. पाहणीतल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. खाडा झाला तर दंड बसतो, म्हणून दुखणे मुळापासून काढून टाकण्याची ही रीत. तिच्यावर शेवग्याच्या शेंगा हा उपाय नव्हे, आणि तसे कोणी सुचवील तर त्याला सभेतून खाली बसविले पाहिजे.

मग परसबागेचा आग्रह का? कारण परसबाग करावयास काय लागते ते मोजले की समाजवादाचे तीन जुने प्रश्न आपोआप समोर येतात : जमीन, पाणी आणि माणसाला आपल्या घरी राहता येण्याइतकी मजुरी.

जमिनीचेच घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. ज्याला जागाच नाही त्याला महाराष्ट्रात पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाच्या योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेच्या खरेदीला साहाय्य मिळते. पाचशेतून २६९ गेले, शौचालय गेले, दारापुढे पाय ठेवण्यापुरते गेले. उरलेल्या पट्टीत शेळी बांधावी की शेवगा लावावा? याच्याशी केरळची तुलना करावी. तेथल्या जमीन सुधारणा कायद्याने १ जानेवारी १९७० पासून कुळाच्या झोपडीत राहणाऱ्या भूमिहीनाला झोपडीसह भोवतालची जागा मिळविण्याचा हक्क दिला : ग्रामपंचायत हद्दीत दहा सेंट, नगरपालिकेत पाच, महानगरात तीन. दहा सेंट म्हणजे ४,३५६ चौरस फूट, आपल्या मापाने चार गुंठे. आपल्या पाचशे फुटांच्या जवळजवळ नऊपट. त्या चार गुंठ्यांत नारळ, फणस, केळी, सुरण आणि मिरीचा वेल उभा राहिला, आणि मजुराच्या अंगी जमीनदाराच्या डोळ्याला डोळा भिडविण्याचे बळ आले. कारण 'माझ्या जागेतून चालता हो' हे वाक्य कायद्याने निकामी केले होते. केरळचा पाऊस आपल्याकडे नाही, हे खरे. पण चार गुंठे देण्यासाठी पाऊस लागत नाही.

डाव्या चळवळीला परसाचे वावडे आहे, ही गोष्ट नवी नाही. सोव्हिएत रशियात १९३५ च्या सामूहिक शेतीच्या नियमावलीने प्रत्येक कुटुंबाला साधारण पाव ते अर्धा हेक्टर घरगुती तुकडा ठेवू दिला. पुढे ख्रुश्चेव्हने त्यांवर निर्बंध आणले, तरी सत्तरीच्या दशकात पेऱ्याखालच्या सुमारे तीन टक्के जमिनीवरचे हे तुकडे देशाच्या शेतीउत्पादनाचा चतुर्थांशाच्या आसपास भाग देत होते. भांडवलशाहीचे कैवारी हा आकडा खाजगी मालकीचा विजय म्हणून नाचवीत. मला त्यात दुसरेही काही दिसते. त्या तुकड्यांवर बहुतांशी स्त्रिया आणि वृद्ध राबत, आणि काय लावावयाचे ते त्यांना वरून आलेल्या फतव्याने ठरवून दिलेले नसे. आपले श्री. अ. दाभोळकर कोल्हापुरात गणिताचे अध्यापन सोडून पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे कसे पुरतील याचे प्रयोग शेतकऱ्यांच्या हातून करवून घेत होते, तेव्हा आपल्यातले किती जण तिकडे फिरकले? विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीकडे मात्र आपण वळलो, कारण तिने पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या संख्येने दिले, भूमिहीनालाही वाटा दिला आणि ऊस वर्ज्य ठरविला. परसबागेला हवे असलेले पाण्याचे तत्त्व तेच आहे.

आणि हे आपल्या शेजारी घडतेही आहे. लातूर-धाराशिवकडे प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेशी जोडलेल्या बायांनी घरच्या पुरुषांशी भांडून-बोलून अर्धा-एक एकर आपल्या हाती घेतला आणि तेथे नगदी पिकाऐवजी धान्य, कडधान्य, भाज्या लावल्या. २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वालाघेवड्याचे बियाणे आपल्या घरात आणि परसात राखले, त्याची पुढे बियाणे बँक झाली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या दोन्ही ठिकाणी बाई घरी होती. वडवणीचा फरक नेमका तेवढा आहे.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांपुढे काही गोष्टी ठेवतो. घरकुलासाठीच्या जागेची मागणी आपण पाचशे फुटांवर सोडून देऊ नये. दोन गुंठे मागावेत, बाईच्या नावाने मागावेत आणि गायरान-गावठाणाच्या मोजणीत ते शोधून दाखवावेत. नगरपंचायत गल्लीगल्लीत सिमेंट ओतते तेव्हा ठराव घालावा की घराच्या मोरीचे पाणी आधी घराच्याच परसात मुरेल आणि उरले तर गटारात जाईल. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहे निघाली आहेत. त्यांच्या आवारात पाम आणि गवत लावण्याचे अंदाजपत्रक कोणी आणील तर ते अडवावे, तेथे शेवगा, लिंबू आणि पेरू लावण्याचा आग्रह धरावा. पालेभाजीतले लोह अंगी लागावयास आंबटाची जोड लागते, म्हणून लिंबू विसरू नये. आणि हे काम बचतगटाच्या बैठकीत बायांना उपदेश करून उरकू नये. बाईच्या दिवसात आधीच तास शिल्लक नाहीत. खड्डा खणणे, पाणी वाहणे, कुंपणाला काटे आणणे ही पुरुषांची कामे ठरवावीत, आणि सुरुवात पुरुष कार्यकर्त्यांनी स्वतःच्या घरी करावी. माझ्या माहितीत असे तिघेच आहेत.

कुलूपबंद घराचे काय, याचे पूर्ण उत्तर दराच्या लढ्यात आहे, परसात नाही. तोवर माझा हिशेब असा. जे झाड सहा महिने कोणी न पाहता जगते तेच लावावे : शेवगा, सीताफळ, कढीपत्ता, बोर. कुंपण काटेरी आणि पक्के, कारण रिकाम्या घराच्या परसात पहिली शिरते ती शेजाऱ्याची शेळी. म्हातारी घरी असेल तर तिच्या हातून होईल तेवढेच, एक मडके, एक वेल. पावसाळी भाज्यांवर भर, कारण ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत माणसे घरी असतात. आणि बियाणे जाण्यापूर्वीच राखेत घोळवून, कापडात बांधून आढ्याला टांगलेले असावे.

टोळ्या परततात तो काळ चैत्राचा. त्यानंतर थोड्याच दिवसांनी अक्षय्यतृतीया येते. त्या दिवशी आळी करून वेल लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि तिच्यासाठी कोणत्याही अभियानाची गरज पडलेली नाही. यंदा माझ्याकडे दोडका, काशीभोपळा, अंबाडी आणि शेवगा यांचे बियाणे बऱ्यापैकी साठले आहे. शिबिरातल्या त्या तरुण साथीचे घरही डोंगराकडच्या वस्तीवरच आहे आणि त्याचे आईवडील अजून कोयत्यावर जातात. पाडव्यानंतर त्याने एकदा सायकल काढून माझ्याकडे यावे. पिशवी त्याने घरूनच आणावी, माझ्याजवळच्या संपल्या आहेत.